खऱ्या काट्याची वहिनी

आमच्या वहिनीच्या दुकानात बोटीचं मीटर दुरुस्तीला टाकून "संध्याकाळी घेऊन जातो" असं म्हणायची सोय नाही. बोटवाला पायरी उतरायच्या आत ती हाक मारते, "कुठे निघालात? बसा. तेल तापू दे." मग तो कितीही घाईत असो, त्याला भिंतीलगतच्या बाकावर बसावंच लागतं. समोर स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात स्वच्छ तेल. तेलात एका बाजूला काचेचा लांब थर्मामीटर आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या मीटरची पितळी कांडी. कांडीतून निघालेली तांब्याची बारीक नळी टेबलावर वेटोळं घालून पडलेली असते आणि तिच्या टोकाला ती गोल डबी, जिच्यातला काटा इंजिनातलं तेल किती तापलंय ते सांगतो. वहिनी लाकडी डावाने तेल ढवळत राहते. बोटवाला जांभया देतो.

तेल पुरेसं तापलं की ती म्हणते, "वाचा. आधी काचेतलं, मग तुमचं. मोठ्याने वाचा."

दोन्ही आकडे जुळले, त्याच्याच तोंडून दुकानभर ऐकू गेले, की मगच ती डबीवर काच बसवते आणि कडं आवळते. जुळले नाहीत तर काटा उपटून पुन्हा बसवते आणि तेल पुन्हा पहिल्यापासून. एकदा एकजण वैतागून म्हणाला, "वहिनी, माझं लग्न याहून कमी वेळात उरकलं होतं." वहिनी डाव न थांबवता म्हणाली, "म्हणूनच बायको रोज तक्रार घेऊन येते माझ्याकडे." त्याने निमूट काचेतला आकडा वाचायला घेतला.

मी तिची नणंद. तिच्यात खोड काढणं हा माझा हक्क आहे आणि तो मी वर्षानुवर्षं चोख बजावलाय. ती हट्टी आहे. तिच्या हातांना, पदराला, उशीच्या अभ्र्यालासुद्धा तेलाचा वास येतो. माझं चांगलं जाड बुडाचं पातेलं तिने "दोन दिवसांसाठी" नेलं आणि ते आजही त्या स्टोव्हवर आहे. कुणी "मी जाड झालेय का गं?" असं लाडाने विचारलं तर ती सरळ "हो" म्हणते. हे सगळं खरं. पण आमच्या धक्क्यावर आज प्रत्येक बोटवाला डोळे झाकून ज्या एका गोष्टीवर विसंबतो ती म्हणजे या बाईने बसवलेला काटा, आणि हा विश्वास तिला कुणी आंदण दिलेला नाही. तो तिने कसा मिळवला ते मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगते.

दुकान मूळचं माझ्या वडिलांचं, अप्पांचं. खाली दुकान, वर आम्ही राहायचो. अप्पांचं एक ठरलेलं व्याख्यान होतं, ते आम्ही जेवताना ऐकत मोठे झालो. इंजिन थंड करणारं पाणी बंद पडलं, नळीत शेवाळ अडकलं, तर पाण्याचं मीटर फसवतं, कारण कांडीभोवती पाणीच उरत नाही आणि काटा मजेत खाली पडून राहतो. तेल मात्र इंजिनाच्या पोटात फिरत असतं. ते तापलं की तापलं. "तेलाच्या मीटरकडे बघून बोट चालवा," असं ते सांगायचे, आणि लोक चालवायचेही.

फक्त अप्पांचं एक गुपित होतं. ते प्रत्येक मीटरचा काटा दहा अंश पुढे बसवायचे. तेल शंभरावर असलं की काटा एकशे दहावर, म्हणजे लाल रेषेवर टेकलेला. घरातलं घड्याळ पुढे ठेवतात ना, तसंच. याला कारण होतं. आमच्या बंदराचं तोंड अरुंद आहे, दोन्ही बाजूंना खडक, आणि ओहोटीला पाणी असं ओढतं की तिथे इंजिन जाम झालं तर नांगर टाकायलाही उसंत मिळत नाही. अप्पांचा जिवलग मित्र तिथेच गेला. काटा लालवर होता, अप्पांनीच बसवलेला, अगदी बरोबर. सोबतचा खलाशी वाचला, त्याने सांगितलं की मित्र म्हणाला होता, "तोंडातून बाहेर पडू दे, मग थांबू." त्या दिवसापासून अप्पांनी एकही काटा बरोबर बसवला नाही.

आणि गुपित म्हणाल तर ते साऱ्या धक्क्याला ठाऊक होतं! "अप्पांचं मीटर आहे, दहा वजा कर," असं बाप मुलाला बोट हातात देतानाच सांगायचा. अप्पांना वाटायचं आपण लोकांना वाचवतोय. लोकांना वाटायचं आपण अप्पांना ओळखून आहोत. दोन्हीकडे समाधान.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा माझा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला होता, आजही आहे. वर्षातले थोडेच महिने तो घरी. नवी नवरी वर एकटी बसून काय करणार, म्हणून ती खाली अप्पांना चहा द्यायला यायची आणि उभी राहून बघायची. डबीच्या आत चपट्या नळीचा एक बाक असतो. कांडी तापली की तो बाक जरासा उलगडतो, त्याला जोडलेलं इवलंसं दातेरी चाक फिरतं आणि काटा चढतो. हे पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली होती. पुढे अप्पांचे हात थरथरू लागले, काटा टोचून बसवायचं नाजूक काम त्यांना जमेना, आणि वहिनीने ते इतक्या सहज उचललं की अप्पा निवृत्त झाले हे अप्पांनाच उशिरा कळलं.

भांडण झालं ते त्या दहा अंशांवरून. जेवायला बसलो होतो. वहिनी म्हणाली, "अप्पा, तुम्ही दहा पुढे ठेवता, ते दहा वजा करतात. मग हाती काय लागलं?"

"सवय लागते. माणूस लाल बघून दचकतो तरी."

"आता कुणी दचकत नाही. रोज लाल बघून बघून लोकांची भीड चेपलीये. आणि एखादा दहाच्या जागी पंधरा वजा करतो, त्याचं काय? मी काटा खरा बसवणार. आणि प्रत्येकाला सांगणार, की आता वजा करायचं नाही."

अप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुझा हात, तुझा काटा," एवढंच म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण अप्पा इतक्या लवकर ऐकणाऱ्यांतले नव्हते.

वहिनीने बोलल्याप्रमाणे केलं. ज्याचं मीटर दुरुस्त होईल त्याला ती बजावायची, "हे खरं आहे. लाल म्हणजे लाल." लोक आधी हसले. मग हळूहळू बोलू लागले, की सुनेचा काटा सरळ आहे बुवा, डोकं चालवावं लागत नाही. माझा नवरा दोन इंजिनांची लाँच चालवतो, त्याने दोन्ही मीटरं तिच्याकडून करून घेतली. घरचं माणूस म्हणून नव्हे हं, माझ्या नवऱ्याला घरच्यांचं कौतुक करायची सवय नाही.

आणि तोच एका दुपारी दोन्ही मीटरं काढून, नळ्यांसकट गळ्यात अडकवून दुकानात आला.

"वहिनी, दोन इंजिनं शेजारी शेजारी चालतात. एकसारखं पाणी, एकसारखा वेग. डावीकडचं सांगतं नव्वद, उजवीकडचं सांगतं शंभर. यातलं मी कोणाचं ऐकू?"

मी तिथेच होते. वहिनीने दोन्ही कांड्या एकाच पातेल्यात सोडल्या. तेल तापलं. डावा काटा थर्मामीटरशी तंतोतंत जुळला. उजवा बरोबर दहा पुढे. तिने उजव्या डबीची काच काढली, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काट्याच्या मुळाशी बघत राहिली. मग भिंग माझ्या हातात दिलं. काट्याच्या पितळी बुंध्यावर पक्कडीचे ओरखडे होते. वहिनी काटा काढायला बारीक चिमटा वापरते, तिचा ओरखडा उठत नाही. थरथरत्या हाताला चिमटा पेलत नाही, पक्कड पेलते. पक्कड वापरायची सवय घरात एकाच माणसाला होती, आणि ते माणूस रोज दुपारी, वहिनी वर स्वयंपाकघर आवरत असताना, "मी बसतो खाली राखण करायला" असं म्हणून दुकानात येत होतं.

"माझी चूक झाली," वहिनी माझ्या नवऱ्याला म्हणाली. "काटा बसवताना लक्ष नव्हतं."

तो गेल्यावर मी उसळले. "तुझी कसली चूक? वर जा आणि विचार अप्पांना!"

"वन्सं, हळू बोला." तिचा चेहरा उतरला होता. "धक्क्यावर त्यांचं एक नाव आहे. या वयात ते कशाला घालवायचं? माझं अजून व्हायचंय. गेलं तर गेलं."

मी तिला त्या दिवशी वेडी म्हणाले. मनातून मला रडू येत होतं, ते वेगळं.

पण गोष्ट तिथे थांबणारी नव्हती. माझ्या नवऱ्याने सहज कुणाला तरी सांगितलं आणि ते भोंग्याच्या कानावर गेलं. भोंगा हा आमच्या धक्क्यावरचा एक बोटवाला. आवाज असा की समोरासमोर बोलताना माणूस मागे सरकतो, म्हणून हे नाव. त्याने चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं, "सासरा काय नि सून काय, दुकान तेच! काटा पुढेच असणार. आपण आपले दहा वजा करायचे." सगळ्यांना ते पटलं. जुनी सवय होती, सोडताना जड गेली होती, परत धरायला कितीसा वेळ लागणार?

काही दिवसांनी ते कळलं तेव्हा वहिनी जिन्यातच बसली. मला वाटलं बदनामीचं दुःख झालं असेल. ती म्हणाली, "वन्सं, ज्यांचे काटे अप्पांनी हलवलेत ते वाचतील. ज्यांचे खरे आहेत तेच लालच्या पलीकडे जातील. वजा करून बघतील आणि म्हणतील, अजून बराच वाव आहे. त्यांना मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं, खरा आहे म्हणून." थोड्या वेळाने म्हणाली, "एक जरी बोट बंदराच्या तोंडाशी जाम झाली ना, तर मी हा चिमटा पुन्हा हातात धरणार नाही."

दुसऱ्या दिवशी वारा होता, बोटी बांधलेल्या होत्या. वहिनीने हातगाडीवर स्टोव्ह, माझं पातेलं, तेलाचा डबा आणि थर्मामीटर चढवला आणि सरळ धक्क्यावर गेली. पत्र्याच्या आडोशाला स्टोव्ह पेटवला. मग बोटीबोटीपुढे उभी राहून सांगू लागली, "तुमचं मीटर सोडवून आणा. तुमच्या डोळ्यांदेखत तपासते. काही काटे चुकलेत, ते माझ्या दुकानातून गेलेत, जबाबदारी माझी."

कोण आणतंय! लोक जाळी विणत बसले, दोरखंड गुंडाळत बसले. भोंग्याला तर आयतं व्यासपीठ मिळालं. "वहिनी, फोडणी कसली देताय? जेवायला थांबू का?" हशा पिकला. वहिनी ढवळत राहिली. मी तिच्याशेजारी उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. फक्त माझा नवरा खाली मान घालून आला आणि आपली दोन्ही मीटरं पुन्हा पातेल्यात सोडून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला, हे त्याला सांगू नका.

"अप्पांच्या हाती दुकान होतं तेव्हा हे असं कधी झालं नाही," भोंगा आता रंगात आला होता. "अप्पांचा काटा पुढे असायचा, पण सगळ्यांचा सारखा पुढे! सुनेने म्हाताऱ्याचं नाव धुळीला मिळवलं."

तेवढ्यात गर्दी बाजूला सरकली. अप्पा काठी टेकत आले होते. घरापासून धक्क्यापर्यंत ते वर्षभरात चालले नव्हते. दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर ते बसले, धाप लागली होती, ती ओसरू दिली.

"काटे मी हलवलेत," अप्पा म्हणाले.

भोंग्याला ऐकू आलं नसावं. "काय?"

"मी. रोज दुपारी. ती वर गेली की. हिच्या लाँचचे दोन्ही हलवणार होतो," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "तेवढ्यात ही बया चहा घेऊन आली, म्हणून एक राहिला." कुणी हसलं नाही. "तिचे काटे खरे होते. एकूण एक. मला काट्यांची भीती नव्हती. तुमची होती. लाल दिसलं तरी तुम्ही थांबणार नाही, ही भीती होती. तो नाही थांबला." मित्राचं नाव त्यांनी घेतलं नाही. मान वर न करता म्हणाले, "तिने तुमच्यावर विश्वास ठेवला. माझं तेवढं धाडस झालं नाही. आणि चोरी माझी असताना दोष ती घेत होती, हे मला तुमचं जिन्यातलं बोलणं ऐकून कळलं."

मला वाटलं आता वहिनी रडेल, पाया पडेल, निदान काहीतरी बोलेल. तिने पदराने कपाळ पुसलं आणि हातातला डाव अप्पांपुढे धरला.

"अप्पा, ढवळायला बसा. तळाशी जास्त तापतंय, आकडा सारखा येत नाही."

अप्पांनी डाव घेतला. ढवळायला मात्र थरथरता हात चालतो.

मग लोक उठले. एकेक करून मीटरं आली, पातेल्याभोवती रांग लागली. काही खरी निघाली, काही हलवलेली. भोंगा सगळ्यांत शेवटी आला, आणि त्याचं मीटर निघालं खरं. अगदी जसंच्या तसं. गेले कित्येक दिवस तो बंदराच्या तोंडातून लाल काट्यावर, दहा वजा करत, छाती फुगवून ये-जा करत होता. त्याने पुढच्या फेरीआधी इंजिनातलं तेल काढलं ते डांबरासारखं काळं आणि करपलेलं निघालं. ते बघून तो वहिनीकडे आला आणि चक्क हळू आवाजात म्हणाला, "एखाददुसरी फेरी उरली होती माझी." वहिनी म्हणाली, "तेल बदला. गाळणी पण बदला." बस, एवढंच. मी असते तर त्याला धक्क्यावर उभा करून त्याच्याच आवाजात माफी मागायला लावली असती.

तेव्हापासून ही बाकावर बसवून मोठ्याने वाचायला लावायची रीत पडली. अप्पा पुढे जितकी वर्षं होते तितकी वर्षं ते पातेल्याशी बसून ढवळत राहिले. कुणी आकडा पुटपुटला तर दटावायचे, "मोठ्याने! मला ऐकू येत नाही." त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

शेवटी ते अंथरुणाला खिळले. डॉक्टर तपासून बाहेर आले आणि जिन्यात आम्हा दोघींना सांगितलं, की आता थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. आम्ही आत गेलो. अप्पांनी विचारलं, "काय म्हणाले?"

मी लगेच म्हणाले, "काही नाही, अशक्तपणा आहे. आठवड्याभरात उठून बसाल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सूनबाई, तू सांग."

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली, त्यांचा हात हातात घेतला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "अप्पा, फार दिवस नाहीत."

मला तिचा इतका राग आला की मी खोलीतून बाहेर पडले. मरणाऱ्या माणसाशीही हिला खरंच बोलायचंय! आतून अप्पांचा आवाज ऐकू आला, बऱ्याच दिवसांनी इतका स्वच्छ. "मग त्याला बोलावून घे. आजच कळव."

माझा भाऊ दूर जहाजावर होता. निरोप त्याच दिवशी गेला, म्हणून त्याला पुढच्या बंदरात उतरता आलं. आठवडाभर वाट पाहिली असती तर जहाज पुन्हा भर समुद्रात असतं, आणि अप्पांनी त्याला पाहिलं नसतं. तो आला तेव्हा अप्पा शुद्धीवर होते.

दारातच त्याने बॅग टाकली आणि मला दबक्या आवाजात विचारलं, "अगं, कसे आहेत?"

"बरे आहेत रे," मी म्हणाले. "तू आलास ना, आता होतील चांगले."

आतून अप्पा बोलले. आवाज अगदी क्षीण होता, पण शब्द न् शब्द कळला.

"तिला नको विचारू. ती माझी मुलगी आहे, काटा हलवून सांगणार. बायकोला विचार. आणि ती सांगेल त्यातलं काही वजा करू नकोस."